पहिली मराठी वेबसाइट स्वतः बनवायचीय? माझी रोजची टूल्स, आणि ती कशी शिकायची

मी डिझाइन पण करतो आणि कोड पण लिहितो, त्यामुळे कॉलेजातली पोरं-पोरी सारखं विचारतात की दादा नक्की काय काय शिकायचं, आणि सोबत वीस-पंचवीस नावांची यादी पाठवतात. ती यादी बघितली की मला खरंच काळजी वाटते, कारण टूल्स अशी यादी करून येत नाहीत. हातात एक काम असलं, ते कुणासाठी तरी असलं आणि त्याला तारीख असली की टूल्स आपोआप हातात बसतात.

म्हणून हा लेख एका कामाभोवतीच लिहितोय. माझी मावशी सांगलीला दिवाळीचा फराळ करून विकते, तिच्यासाठी मी एक पानाची मराठी साइट केली होती. तुमच्या ओळखीत पण असं कुणीतरी असेलच, शिवणकाम करणारी काकू, क्लास घेणारे सर, गल्लीतला सायकलवाला. त्यांच्यासाठी एक पान करायचं ठरवा आणि खालच्या पायऱ्या क्रमाने करत जा. सगळं फुकटात होतं, ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो.

पायरी १ : आधी कागद आणि मराठी कीबोर्ड

लॅपटॉप उघडायच्या आधी माणसाशी बोला. मी पहिल्यांदा मावशीला न विचारताच मोठा चकलीचा फोटो वर टाकून पान दाखवलं तर ती म्हणाली, "अरे फोटो छान आहे पण भाव कुठंय? मला दिवसभर लोक तेच विचारतात." मग बसून लिहून काढलं. लोक तीनच गोष्टी विचारतात, भाव काय, कधीपर्यंत मिळेल आणि घरपोच देता का. बस, पानाचा क्रम तिथेच ठरला, फोटो खाली गेला. डिझाइनचं सगळ्यात मोठं स्किल मला विचाराल तर हेच, समोरच्याचं नीट ऐकून घेणं आणि ते कागदावर पेन्सिलीने चौकोन काढून दाखवणं. दहा मिनिटांत पाच वेगवेगळे कागद होतात, स्क्रीनवर तेवढ्या वेळात एकाचा रंग पण ठरत नाही.

दुसरं म्हणजे मराठी टाइप करता आलं पाहिजे, आणि मोबाइलवर बोटाने नाही तर कीबोर्डवर. विंडोज १० मध्ये २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) कीबोर्ड आलाय, सेटिंगमध्ये भाषा ॲड केली की मिळतो. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कीबोर्ड, शिकलात तर अजून चांगलं, त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला असतात, आठ-दहा दिवस जड जातं आणि मग हात चालायला लागतो. लोक हे टाळतात आणि मग सगळा मजकूर व्हॉट्सॲपवरून कॉपी-पेस्ट करतात, त्याने काय होतं ते पुढे सांगतो.

पायरी २ : फिग्मामध्ये पान मांडा, पण खऱ्या मजकुराने

फिग्मा हे पानाचं डिझाइन मांडायचं टूल, ते ब्राउझरमध्येच चालतं, इन्स्टॉल करावं लागत नाही, एकट्याने शिकायला फुकट प्लॅन भरपूर आहे. ओपन सोर्स हवं असेल तर पेनपॉट बघा, तेही छान आहे. नवीन फ्रेम घ्या, रुंदी ३६० पिक्सेल, कारण तुमचं पान बघणारे बहुतेक जण मोबाइलवर असणार. लॅपटॉपचं डिझाइन नंतर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डमी मजकूर टाकू नका. रोमन अक्षरातला तो नेहमीचा लॅटिन मजकूर टाकून डिझाइन केलं की ते सुंदर दिसतं, आणि मराठी टाकल्यावर कोसळतं. कारण आपल्या अक्षरांना वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, त्याला जागा लागते. मी प्रत्येक फॉन्ट तपासायला ही एक ओळ वापरतो, तुम्ही पण घ्या: "पुऱ्या, करंज्या, कडबोळी, शुद्ध तुपातले बेसन लाडू, ऑर्डर नोंदणी". यात ऱ्या आहे, द्ध आहे, रफार आहे, ऑ आहे, श आणि ल आहेत. एखादा फॉन्ट कुठे कच्चा आहे ते या एका ओळीत दिसतं.

फॉन्टसाठी गूगल फॉन्ट्सवर जा आणि देवनागरी निवडा. माझे हाताशी असलेले म्हणजे मुक्त आणि बालू, दोन्ही मुंबईच्या "एक टाइप" नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे. मुक्त मजकुराला, बालू मोठ्या शीर्षकाला. लांबलचक वाचायचं असेल तर टिरो देवनागरी मराठी, हा फॉन्ट मराठीसाठी म्हणून वेगळा केलेला आहे आणि ते दिसतं. नोटो सान्स देवनागरी सगळीकडे चालतो, काहीच ठरत नसेल तर तो घ्या. विंडोजमध्ये आपण वर्षानुवर्षं जो मंगल फॉन्ट बघत आलोय तो र. कृ. जोशींनी केलेला, आपल्या लिपीला कॉम्प्युटरवर जागा मिळवून देणाऱ्या माणसांपैकी ते एक, नवीन डिझायनरला हे नाव माहीत असावं म्हणून सांगितलं.

फॉन्ट निवडताना ल आणि श नीट बघा. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल वेगळा असतो, श चं पण तसंच. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा जो निर्णय काढला त्यात आपली वळणं ठरवून दिली आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं आत असतात, आणि पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगितलं तरच मराठी रूप बाहेर येतं. हे मला पहिली दोन-तीन वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं, मी फॉन्टलाच नावं ठेवत बसायचो.

अजून तीन गोष्टी, ज्या इंग्रजी ट्युटोरियलमध्ये कधी येत नाहीत.

ओळींमधलं अंतर इंग्रजीला १.४ - १.५ पट ठेवतात, मराठीला १.६ ते १.८ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला चिकटतो.

अक्षरांमधलं अंतर, म्हणजे लेटर स्पेसिंग, देवनागरीत शून्यच ठेवायचं. इंग्रजी शीर्षकाला थोडी हवा देतात तसं आपल्याकडे केलं की शिरोरेषा तुटते. शब्द म्हणजे त्या रेषेला टांगलेली अक्षरं, रेषाच तुटली तर शब्द उरत नाही. रस्त्याने जाताना फ्लेक्स बघा, निम्म्या ठिकाणी हे दिसेल आणि एकदा दिसायला लागलं की मग डोळ्याला बोचतंच.

आणि लहान अक्षर खूप बोल्ड करू नका, ध, भ, घ यांची पोटं बुजतात.

फिग्मातलं एकच फीचर जीव लावून शिका, ते म्हणजे ऑटो लेआउट. इंग्रजीतलं "बाय" (विकत घ्या) लिहिलेलं बटण "आत्ताच ऑर्डर करा" झालं की रुंदी दुप्पट-तिप्पट होते, ऑटो लेआउट असेल तर बटण स्वतः वाढतं. आणि ते ज्या पद्धतीने चालतं तीच पद्धत सीएसएस या पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतल्या फ्लेक्सबॉक्सची (भाग ओळीत मांडायची सोय) आहे, म्हणजे एक शिकलात की दुसरं निम्मं आलंच. रंग निवडताना मजकूर आणि मागचा रंग यांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ ठेवा, मोठ्या अक्षराला ३ ला १ चालतो, हे वेबच्या सुलभतेचे प्रमाण नियम आहेत. केशरीवर पांढरी अक्षरं दिवाळीसाठी छान वाटतात पण उन्हात उभं राहून वाचता येत नाहीत.

पायरी ३ : व्हीएस कोड, आणि त्यातले मोजके शॉर्टकट

कोड लिहायला एडिटर म्हणून व्हीएस कोड घ्या, फुकट आहे, २०१५ पासून आहे, अडलात तर मदत लगेच मिळते. एक्स्टेन्शन्स दोनच टाका. प्रेटियर, जे कोड नीटनेटका लावून देतं, आणि लाइव्ह सर्व्हर, ज्याने फाइल सेव्ह केली की ब्राउझरमध्ये पान आपोआप ताजं होतं. थीम आणि आयकॉनच्या मागे एक आख्खा रविवार जातो, तो नंतर कधीतरी घालवा.

शॉर्टकट मात्र पाठ करा. कंट्रोल + पी ने फाइलचं नाव टाइप करून उघडायची. कंट्रोल + डी ने तोच शब्द पुढे जिथे आहे तो पण निवडला जातो, पाचदा दाबलं की पाच ठिकाणी एकदम बदल. ऑल्ट धरून वर-खाली बाण दाबला की ओळ सरकते. कंट्रोल + शिफ्ट + एफ ने सगळ्या फोल्डरमध्ये शोध. आणि कंट्रोल + शिफ्ट + पी, बाकी काहीही आठवलं नाही तर हे दाबून हवं ते टाइप करायचं. एका कागदावर लिहून स्क्रीनच्या खाली चिकटवा, पंधरा दिवसांनी कागद काढून टाका.

आता ती कॉपी-पेस्टची गोष्ट. मावशीच्या पानावर मी पदार्थ शोधायची छोटी चौकट दिली होती. तिने "पुऱ्या" टाइप केलं, काहीच आलं नाही. यादीत पुऱ्या समोर दिसतायत! मी दोन तास जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला हालचाल देणारा कोड, तपासत बसलो. कोडमध्ये काहीच चूक नव्हती. चूक अक्षरात होती.

झालं असं की हा ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, त्याला हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि मग य. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडणारं चिन्ह, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात, आणि मग य. पुऱ्या आणि पुर्‍या. डोळ्याला दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. मी व्हॉट्सॲपच्या मेसेजमधून उचललेला एका प्रकारचा होता, मावशीच्या मोबाइलचा कीबोर्ड दुसऱ्या प्रकारचा. ॲ चं पण तेच, ॲ हे एकच अक्षर युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरसाठी सगळ्या लिप्यांच्या अक्षरांची प्रमाण यादी) २००८ साली आलं, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन लिहायचे आणि काही कीबोर्ड अजूनही तसंच लिहितात. युनिकोडची स्वतःची नॉर्मलाइज करायची, म्हणजे सारखी अक्षरं एका रूपात आणायची, पद्धत आहे पण ती या दोन जोड्या एक करत नाही, त्यामुळे शोधायच्या आधी दोन्ही बाजूंचा मजकूर एका रूपात आणणारं चार-पाच ओळींचं फंक्शन स्वतः लिहावं लागतं. मी ते लिहून ठेवलंय आणि प्रत्येक मराठी कामात पहिल्या दिवशी टाकतो.

हे सापडलं कसं? व्हीएस कोड न दिसणाऱ्या आणि फसव्या अक्षरांभोवती पिवळसर चौकट दाखवतो, ती मी दोन तास बघून न बघितल्यासारखं केलं होतं. एडिटर काही दाखवत असेल तर ते थांबून वाचायचं, एवढं मी तेव्हापासून पाळतो.

अजून एक, अक्षरं मोजताना जपून. "क्ष" आपल्याला एक अक्षर, पण जावास्क्रिप्टला त्याची लांबी विचारली तर ३ सांगतं, कारण क, हलन्त, ष असे तीन तुकडे आहेत, आणि यूटीएफ-८ मध्ये साठवताना प्रत्येकाला ३ बाइट म्हणजे एकूण ९. नाव पहिल्या ४ अक्षरांवर कापायला गेलात तर मधेच हलन्त लटकत राहतो. यासाठी ब्राउझरमध्ये सेगमेंटर म्हणून मजकूर अक्षरांच्या हद्दीवर तोडायची सोय आहे, ती वापरा.

पायरी ४ : गिट, पहिल्या दिवसापासून

डिझायनर मंडळी "फायनल", "फायनल २", "खरंच फायनल" अशा फाइल ठेवतात, ते गिट, म्हणजे फाइलींमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं टूल, आल्यावर बंद होतं. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) कामासाठी हे बनवलं आणि आज सगळं जग वापरतं. घाबरवून टाकणारी कमांडची यादी असते, पण रोज पाचच लागतात: स्टेटस, डिफ, ॲड, कमिट (बदलाची नोंद करणं), पुश (ती नोंद नेटवर पाठवणं). मी कमिट करायच्या आधी न चुकता डिफ बघतो, म्हणजे आपण नक्की काय बदललं ते ओळीओळीने वाचतो, निम्म्या चुका तिथेच सापडतात.

कमिटचा मेसेज मराठीत लिहिला तरी चालतो. "चकलीचा भाव बदलला" हे "अपडेट" पेक्षा लाखपट बरं, तीन महिन्यांनी वाचताना कळतं तरी. आणि पासवर्ड किंवा कुठलीही गुप्त की (एखाद्या सेवेत शिरायचा पासवर्डसारखा कोड) कमिटमध्ये कधीच जाऊ देऊ नका, नंतर फाइल पुसली तरी ती इतिहासात राहते. गेलीच तर पहिल्यांदा ती की बदलून टाका, बाकी साफसफाई नंतर.

पायरी ५ : आता एचटीएमएल आणि सीएसएस

इथे लोकांना लगेच रिॲक्ट (मोठ्या साइट बांधायची जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी) हवं असतं. एका पानाच्या फराळाला रिॲक्ट लागत नाही हो. आधी साधं एचटीएमएल, म्हणजे पानाचा सांगाडा, नीट लिहा, शीर्षकाला शीर्षकाचा टॅग, यादीला यादीचा, बटणाला बटणाचा. सीएसएसमध्ये फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड (भाग चौकटींत मांडायची सोय), एवढं पक्कं झालं की पुढे कुठलंही फ्रेमवर्क महिन्याभरात येतं. वाचायला एमडीएन ही वेबची माहिती देणारी साइट, इंग्रजी आहे पण भाषा सोपी आहे, रोज एक पान वाचायची सवय लावा, मी अजून वाचतो.

पानाच्या डोक्यात तीन गोष्टी न विसरता टाका. अक्षरसंच यूटीएफ-८, नाहीतर मराठीच्या जागी परदेशी चिन्हांचा कचरा दिसू शकतो. व्ह्यूपोर्ट, म्हणजे पान स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे बसवायची सूचना, नाहीतर मोबाइलवर पान मुंगीएवढं दिसतं. आणि भाषा मराठी, म्हणजे लँग ॲट्रिब्यूटमध्ये एमआर. वर सांगितलेलं ल आणि श चं मराठी वळण याच्यावर अवलंबून आहे, आणि दृष्टिहीन लोक जो स्क्रीन रीडर वापरतात तो पण यावरूनच ठरवतो की मराठी आवाजात वाचायचं की इंग्रजीत. एवढ्याशा शब्दाने एवढं होतं.

देवनागरी फॉन्टच्या फाइल इंग्रजीपेक्षा जड असतात, जोडाक्षरांची कितीतरी रूपं आत भरलेली असतात. म्हणून दोनच वजनं घ्या, साधं आणि बोल्ड, फाइल डब्ल्यूओएफएफ-२ प्रकारची (वेबसाठी दाबून लहान केलेली), आणि फॉन्ट येईपर्यंत मोबाइलचा स्वतःचा फॉन्ट दिसू दे अशी सेटिंग ठेवा, म्हणजे गावाकडे रेंज कमी असली तरी भाव वाचता येतो.

आकडे मराठीत की इंग्रजीत हे माणसाला विचारा. जावास्क्रिप्टला मराठी भारत असं सांगितलं की तो आकडा थेट १,२५,००० असा देवनागरीत आणि आपल्या लाखाच्या स्वल्पविरामासकट देतो. मावशीच्या गिऱ्हाइकांना ते आवडलं. फोन नंबर मात्र इंग्रजी आकड्यात ठेवला, कारण लोक तो कॉपी करतात. ऑर्डरसाठी फॉर्म आणि डेटाबेसच्या नादी लागलो नाही, फोनची लिंक आणि व्हॉट्सॲपची लिंक, झालं काम.

पायरी ६ : ब्राउझरची डेव्हटूल्स

माझं सगळ्यात लाडकं टूल कुठलं विचाराल तर हे, ब्राउझरमध्येच असलेलं पान आतून तपासायचं टूल, आणि ते प्रत्येकाच्या लॅपटॉपमध्ये आधीच आहे. क्रोममध्ये एफ १२ दाबा. डावीकडे पानाचा कुठलाही भाग निवडा, उजवीकडे त्याचं सीएसएस तिथल्या तिथे बदलून बघा, रिफ्रेश केलं की पूर्ववत, काही मोडत नाही. मी तर डिझाइनचे शेवटचे निर्णय फिग्मात घेतच नाही, इथे घेतो, खऱ्या पानावर.

मराठीसाठी एक जागा खास. कॉम्प्युटेड नावाच्या टॅबमध्ये अगदी खाली जा, तिथे लिहिलेलं असतं की हा मजकूर प्रत्यक्षात कुठल्या फॉन्टमध्ये दिसतोय. आपण मुक्त लिहिलेलं असतं आणि खरं तर दुसराच कुठलातरी दिसत असतो, फॉन्टच्या नावात स्पेलिंग चुकलेलं असतं किंवा देवनागरीचा भाग आणलेलाच नसतो. कंट्रोल + शिफ्ट + एम ने मोबाइलचा आकार येतो, नेटवर्क टॅबमध्ये नेट मुद्दाम मंद करून बघता येतं.

पण शेवटची तपासणी खऱ्या फोनवर, आणि आपल्या नाही, घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर. अंगणात उन्हात जाऊन. मी मावशीच्या शेजारच्या आजींच्या हातात दिला आणि काही न सांगता "अर्धा किलो चकली मागवून दाखवा" म्हणालो. त्या बटणापर्यंत आल्या आणि थांबल्या, कारण मी नुसता व्हॉट्सॲपचा हिरवा आयकॉन ठेवला होता, शब्द नव्हता. त्यावर "मेसेज करून मागवा" लिहिलं आणि काम झालं.

पायरी ७ : अडलात तर

एरर वाचा. पूर्ण, पहिल्या ओळीपासून, त्यात फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर असतो. मग अर्धा कोड बंद करून बघा चूक राहते का, राहिली तर उरलेल्याचा अर्धा. असं चार-पाच वेळा केलं की चूक एका कोपऱ्यात येते. कुणाला विचारायचं असेल तर "चालत नाहीये" असं नको, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि चूक दिसेल एवढाच छोटा कोड. हा प्रश्न लिहिता लिहिताच कितीदा तरी उत्तर सापडतं.

एआयला विचारायला माझी ना नाही, मी पण विचारतो. पण त्याने दिलेली प्रत्येक ओळ काय करते ते सांगता येत नसेल तोवर ती पेस्ट करू नका. आणि मराठी मजकूर त्याच्याकडून लिहून घेतलात तर मोठ्याने वाचून बघा, हिंदीची छाप येते बऱ्याचदा, तुमच्या मावशीच्या तोंडी जे वाक्य येणार नाही ते पानावर नको.

पायरी ८ : पान लाइव्ह

गिटहबवर (गिटचं काम नेटवर ठेवायची साइट) खातं काढा, फोल्डर पुश करा, सेटिंगमध्ये पेजेस (पान नेटवर दाखवायची सोय) चालू करा. फुकट प्लॅनवर रिपॉझिटरी (गिटहबवरचं तुमचं फोल्डर) पब्लिक ठेवावी लागते, म्हणून आत कुणाचा पत्ता, गिऱ्हाइकांचे नंबर असलं काही राहिलं नाही ना ते आधी बघा. थोड्या वेळात लिंक चालू होते. स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेब पत्ता, नंतर जोडता येतं, पहिल्या वर्षी गरज नाही.

लिंक व्हॉट्सॲपवर टाकल्यावर पहिला आठवडा रोज काहीतरी बदलावं लागेल हे धरूनच चाला. माझं असं झालं, धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी मी एसटीत होतो आणि मावशीचा फोन, "अनारसे संपले रे, लोक अजून मागतायत." मोबाइलच्या ब्राउझरमध्ये गिटहब उघडलं, ती एक ओळ बदलली, कमिटमध्ये लिहिलं "अनारसे संपले", आणि कराड यायच्या आत पानावर दिसायला लागलं.